चौतीस फुटांचा हिशेब : निर्वात पंपाची जन्मकथा

विहिरीवरचा पंप पाणी ओढतो, असे आपण सर्वजण म्हणतो. या एका ‘ओढतो’ शब्दापायी १९७३ च्या उन्हाळ्यात आमच्या घराचे मोठे नुकसान झाले. म्हणून निर्वात पंप व ब्लोअर यांचा इतिहास सांगावयाचा तर मी आरंभ तेथूनच करतो.

त्या दुष्काळी वर्षी आमच्या विहिरीचे पाणी काठापासून ३६ फूट खाली गेले. पंप काठावर बसविलेला. इंजिन धडधडत राही, पण पाइपातून पाण्याचा थेंब येईना. वॉशर बदलले, फुटव्हॉल्व्ह बदलला. तालुक्याच्या एका दुकानदाराने अब्बांना सांगितले की पाच हॉर्सपॉवरचे इंजिन कमी पडते, आठचे घ्या. दुभती म्हैस विकून आणि वर कर्ज काढून अब्बांनी ते आणले. तरीही पाणी आले नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा थोरल्या भावाचे नाव पटावरून कमी झाले होते. दुकानदार लबाड होता असे मी म्हणणार नाही. बहुधा त्यालाही कारण ठाऊक नसावे.

पाणी ‘ओढणारे’ पंप फार जुने आहेत. दियारबकर येथे राहणाऱ्या अल्-जझरीने १२०६ साली पुऱ्या केलेल्या यंत्रांवरील ग्रंथात समोरासमोर ठेवलेल्या दोन तांब्याच्या नळकांड्यांचा पंप वर्णिला आहे. एक दट्ट्या पाणी आत घेतो त्याच वेळी दुसरा बाहेर ढकलतो, आणि दोघांनाही खाली पाण्यात सोडलेले शोषण-नळ आहेत. त्याच्याही अडीचशे वर्षे आधी अल्-फाराबीने पोकळीच्या प्रश्नावर एक छोटी पुस्तिका लिहिली होती. पाण्यात बुडविलेल्या भांड्यांचे दाखले देऊन रिकामी जागा असूच शकत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला, पण भांडे हाती घेऊन वाद घालण्याची त्याची रीत मला मोलाची वाटते. निसर्गाला पोकळी सोसत नाही, म्हणून पाणी तिच्या मागे वर धावते, ही समजूत पुढेही कित्येक शतके टिकली.

ती समजूत हलली ती इटलीत, आणि तीही एका नादुरुस्त वाटणाऱ्या पंपामुळे. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात हा किस्सा दिला आहे. पंप पाणी देईना म्हणून कारागिरास बोलाविले, तर तो म्हणाला की दोष पंपात नाही. पाणी अठरा हातांहून अधिक खोल गेले आहे आणि त्यापलीकडे कोणताही शोषक पंप ते वर आणीत नाही. कारागिरास हे अनुभवाने माहीत होते, पंडितांस नव्हते.

कारण सापडले १६४३ मध्ये. गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेली याने पाण्याऐवजी पारा घेण्याचे सुचविले. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून ती पाऱ्याच्या भांड्यात उपडी केली, तेव्हा पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला आणि वर रिकामी जागा राहिली. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड. ७६ सेंटिमीटरला तेवढ्याने गुणा : सुमारे १० मीटर ३० सेंटिमीटर, म्हणजे ३४ फूट येतात. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो व त्या हवेचे वजन पाणी वर ढकलते, हा त्याचा विचार होता. पंप फक्त नळीतली हवा काढून वाट मोकळी करतो. चढविण्याचे काम बाहेरची हवा करते. इंजिन आठचे असो की ऐंशीचे, हवेचे वजन काही त्याने वाढत नाही!

आमच्याकडेही शेवटी एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी विहिरीत दोर सोडून मोजला व म्हणाले, “भाईजान, मशीनला दोष देऊ नका. इतक्या खालचे पाणी कोणतेच मशीन घेत नाही.” विहिरीच्या आत पंधरा फूट खाली खडकात खाच फोडून तिच्यावर पंप बसविला, इंजिन वरच ठेवून पट्टा लांब केला. आता पंपापासून पाणी २१ फूट राहिले. जुन्या पाचच्या इंजिनावर पाणी आले. (झिरपणारे सांधे, पाण्याची वाफ आणि गावाची उंची यांमुळे प्रत्यक्षात ३४ फूट कधीच मिळत नाहीत, २२ ते २५ मिळाले तरी पुष्कळ.)

आता खऱ्या निर्वात पंपाकडे वळू. तो बनविला जर्मनीतील माग्देबुर्ग शहराच्या ऑटो फॉन गेरिके याने. १६३१ मध्ये युद्धात हे शहर जाळले गेले आणि हजारो माणसे मेली. इंजिनिअर असलेल्या गेरिकेने ते पुन्हा उभारण्याच्या कामी हातभार लावला व पुढे तो तेथील नगराध्यक्ष झाला. पोकळी करून पाहावी म्हणून त्याने प्रथम पिंप पाण्याने भरून ते पाणी पंपाने काढले. फळ्यांच्या फटींतून हवा आवाज करीत आत शिरली. मग तांब्याचा गोल घेऊन सरळ हवाच काढू लागला, तर तो गोल मोठा आवाज होऊन चेपला. तेव्हा अधिक भक्कम गोल करविला.

त्याच्या पंपाचे गणित सोपे आहे. पंपाचे नळकांडे व गोल सारख्या आकाराचे धरा. दट्ट्याच्या पहिल्या खेपेला निम्मी हवा उरेल, दुसऱ्या खेपेला पाव, दहाव्या खेपेनंतर एकहजार चोविसावा भाग. शून्य मात्र कधीच होणार नाही. आजही कोणताच पंप संपूर्ण पोकळी करू शकत नाही.

१६५४ मध्ये रेगेन्सबर्ग येथे त्याने बादशहा तिसऱ्या फर्डिनांडसमोर पंपाचे प्रयोग केले. दोन अर्धगोल जोडून, आतली हवा काढून, दोन्ही बाजूंना घोडे जुंपण्याचा त्याचा प्रयोग तर जगप्रसिद्ध आहे. अर्धगोलांचा व्यास साधारण अर्धा मीटर. त्यावर हवेचा दाब जवळजवळ दोन टन. आठ-आठ घोड्यांच्या दोन जोड्या लावल्या होत्या. मुलांनो, एका बाजूचे आठ घोडे सोडून तेथे भक्कम भिंत असती तरी ओढ तेवढीच राहिली असती. का, ते वर्गात शिक्षकांना विचारा. त्याच्या पंपाची हकीकत वाचून इंग्लंडात बॉइलने हूककडून सुधारलेला पंप करवून घेतला. पुढे १८६५ च्या श्प्रेंगेलच्या पारा-पंपाने फार उच्च प्रतीची पोकळी मिळू लागली. तशा पोकळीशिवाय एडिसनचा १८७९ चा दिवा जळून गेला असता.

ब्लोअर हे याच यंत्राचे सख्खे भावंड. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल येथे रूट्स बंधूंची लोकरीची गिरणी होती. पाणचक्कीऐवजी त्यांनी एका पेटीत आठच्या आकड्यासारखी दोन चक्रे उलटसुलट फिरतील अशी बसविली. लाकूड पाण्याने फुगून ती अडकली, आणि कोरडी करून फिरविता ती जोराने हवा फेकू लागली, असे सांगतात. १८६० मध्ये त्यांना पेटंट मिळाले व लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्यांना हे यंत्र वारा घालू लागले. चक्रे एकमेकांना शिवत नाहीत. बाहेरचे दातेरी गिअर त्यांना अंतरावर ठेवतात, त्यामुळे आत तेल लागत नाही. हवा टाकणाऱ्या तोंडाला नळी लावा, तो ब्लोअर. घेणाऱ्या तोंडाला लावा, तो व्हॅक्यूम पंप.

आपल्या महाराष्ट्रात निर्वाताचे मोठे घर म्हणजे साखर कारखाना. उघड्या कढईत पाक आटविला की तो करपून काळवंडतो. इंग्लंडात एडवर्ड हॉवर्डने १८१३ च्या सुमारास झाकलेल्या कढईतली हवा काढून पाक कमी उष्णतेवर उकळविला. आपल्याकडे १९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हा हीच व्हॅक्यूम पॅन ऊसकऱ्यांच्या दारी आली. तीत पाक साठ-पासष्ट अंशांवर उकळतो.

पुढे मी एका साखर कारखान्यात लागलो. तेथील पॅनमनने मला वरच्या मजल्यावर नेऊन कंडेन्सर दाखविला. पॅनमधली वाफ त्यात गार पाण्याच्या फवाऱ्याने विरते, तीमुळेच बहुतेक निर्वात होतो. उरलेली हवा व्हॅक्यूम पंप काढतो. ते पाणी एका उभ्या पाइपाने खाली हौदात पडते. पाइप इतका उंच कशाला, असे मी विचारले. तो म्हणाला, “चौतीस फुटांहून कमी ठेवला, तर खालचे पाणी चढून वर कंडेन्सरात भरेल.”