शाळा सोडण्याचे कारण

"आम्ही मुलाला शाळेत घालणार नाही, घरीच शिकवू" असं कुणी म्हटलं की आपल्याकडे तर्क ठरलेले असतात. पैसा जास्त झालाय, अमेरिकेचं खूळ आहे, मुलाला जगापासून लपवून वाढवायचंय. खुद्द अमेरिकेत आणखी एक तर्क चालतो, की ही मंडळी धर्मवेडी असतात. होमस्कूलिंगची चळवळ वाढली ती अमेरिकेतच. तेव्हा तिथला इतिहास पाहून मगच काय ते ठरवावं.

या चळवळीचा एक जनक जॉन होल्ट. हा गृहस्थ पेशाने मास्तर, पाचवीच्या वर्गाला शिकवणारा. वर्गात टिपून ठेवलेल्या नोंदींवरून त्याने १९६४ साली 'हाऊ चिल्ड्रन फेल' हे पुस्तक लिहिलं. मुलं विषय समजून घेण्याऐवजी मास्तरांना कोणतं उत्तर हवंय त्याचा अंदाज बांधत बसतात, आणि त्यामागे चुकण्याची भीती असते, हे त्याचं निरीक्षण. शाळा सुधाराव्यात म्हणून त्याने बरीच वर्षं खटपट केली. ते होत नाही असं वाटल्यावर १९७७ मध्ये त्याने घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केलं. त्याच्या विचारात धर्माचा काही संबंध नव्हता.

दुसरे जनक रेमंड आणि डोरोथी मूर हे दांपत्य. तेही शिक्षणक्षेत्रातलेच. माणसं धार्मिक, पण १९७५ च्या 'बेटर लेट दॅन अर्ली' या पुस्तकात त्यांचा मुद्दा मुलांच्या वाढीचा होता. डोळे, मेंदू, मन तयार होण्याआधी लेकरांना औपचारिक शिक्षणाला जुंपू नका, आठ-दहा वर्षांची होईपर्यंत थांबा, असं त्यांचं सांगणं.

मग धर्माचा तर्क आला कुठून? तो अगदीच हवेतला नाही. १९६२ आणि १९६३ च्या निकालांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. सनातनी ख्रिस्ती कुटुंबांचा शाळांवरचा विश्वास उडत गेला आणि १९८० च्या दशकात ती मोठ्या संख्येने या वाटेला लागली. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं होतं. लोकांच्या मनात चित्र राहिलं ते त्या काळाचं.

पुढे चित्र बदललं. अमेरिकी सरकारच्या २००७ च्या पाहणीत 'सर्वांत महत्त्वाचं कारण' विचारलं, तेव्हा ३६ टक्के पालकांनी धार्मिक वा नैतिक शिक्षण असं सांगितलं. २०१६ मध्ये ही दोन कारणं वेगवेगळी विचारली. त्यांची बेरीज केली तरी २१ टक्केच भरते. पहिलं कारण होतं शाळेतलं वातावरण, म्हणजे सुरक्षितता, अमली पदार्थ, वाईट संगत. ते ३४ टक्क्यांनी सांगितलं.

आणि २०२० साली तर कृष्णवर्णीय कुटुंबांत घरी शिकवण्याचं प्रमाण वसंत ऋतूत ३.३ टक्के होतं, ते शरद ऋतूपर्यंत १६.१ टक्क्यांवर गेलं, असं जनगणना खात्याची पाहणी सांगते. साथीची भीती होतीच, पण कारणं त्याआधीचीही आहेत. अमा मझामा आणि गार्वी लंडी या अभ्यासकांनी २०१२ मध्येच दाखवलं होतं, की मुलांना वर्गातल्या वर्णभेदाची झळ लागू नये म्हणूनही असे पालक त्यांना घरी शिकवतात. ज्या समाजाने १९५४ च्या ऐतिहासिक निकालापर्यंत शाळेच्या दारासाठी झगडा दिला, त्यातल्या काहींनी त्या दाराकडे पाठ फिरवावी, याला पैशाची मस्ती म्हणणार का?

घरी सगळं छानच चालतं असं मुळीच नाही. दोघंही कमावल्याशिवाय चूल पेटत नाही अशा घराला हे जमणार नाही. त्या घरातल्या मुलीला गावची शाळाच हवी, आणि ती चांगलीच हवी. म्हणूनच सोडून जाणाऱ्यांचं म्हणणं आपण मास्तरांनी आधी ऐकायला हवं.

आपल्याकडे दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. त्यात आपण 'पालकांच्या विनंतीवरून' एवढंच लिहून मोकळे होतो. विनंती का केली, हे मात्र कुणी विचारत नाही.