बखर आणि हजेरीपट

बखरीत पराक्रम असतो आणि दफ्तरात तारीख, रक्कम व शिक्का असतो, आणि या दोहोंचा मेळ बसेलच असे नाही, ही गोष्ट इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठी वाचकाच्या मनावर कायमची ठसवली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्षपदाच्या उमेदवाराने केलेली लष्करी चाकरी हा विषय निवडणुकीच्या रणधुमाळीत वारंवार कसा उकरून काढला गेला, याचा वृत्तांत वाचू लागले म्हणजे त्या शिकवणीची आठवण पदोपदी होते.

१८२८ साली उभा राहिलेला अँड्र्यू जॅक्सन हा न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत इंग्रज फौजेचा धुव्वा उडवणारा विजयी सेनानी. त्याच्या विरोधात फिलाडेल्फियाच्या जॉन बिन्स नामक संपादकाने जे पत्रक छापले, त्याच्या माथ्यावर सहा काळ्याकुट्ट शवपेटिका ओळीने मांडल्या होत्या आणि एकेकीशी एकेका शिपायाचे नाव होते. टेनेसीच्या मिलिशियातील या सहा जणांचे म्हणणे असे की, आपली मुदत तीन महिन्यांची होती व ती भरली. लष्करी न्यायालयाच्या मते ती सहा महिन्यांची होती, सबब हा उघड बंडावा. आणि जॅक्सनची मंजुरी मिळताच फेब्रुवारी १८१५ मध्ये मोबील येथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वादाचा गाभा म्हणजे नेमणुकीच्या मुदतीचा एक कागद. परंतु प्रचाराला हव्या होत्या त्या शवपेटिका. मतदारांना मात्र न्यू ऑर्लिन्सच अधिक स्मरले, आणि जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ मतदारप्रतिनिधींच्या बळावर निवडून आला.

१८५२ च्या फ्रँकलिन पिअर्सची कथा निराळी. मेक्सिकोच्या युद्धात, कोंत्रेरास येथे, घोडा बुजून खोगिराचा जबर मार बसल्याने तो मूर्च्छित झाला होता. प्रतिपक्षाने तेवढ्यावरून त्यास भेकड ठरवले आणि त्याच्या शौर्याचा ‘समग्र’ इतिहास जेमतेम इंचभर उंचीच्या पुस्तिकेत छापून वाटला. समोर उभा होता त्याच युद्धातील त्याचा सरसेनापती विनफील्ड स्कॉट. तरीही २५४ विरुद्ध ४२ असा जय पिअर्सचाच झाला. पुढे १८८४ साली ग्रोव्हर क्लीव्हलंडने यादवी युद्धात १५० डॉलर मोजून आपल्याऐवजी बदली माणूस धाडल्याचे प्रकरण निघाले. पण प्रतिस्पर्धी ब्लेन यानेही तोच कायदेशीर मार्ग पत्करला असल्यामुळे त्या शस्त्राची धार बोथट झाली.

२००४ साली तर वाद अक्षरशः हजेरीपटावर आला. जॉन केरी यांची व्हिएतनाममधील पदके रीतसर दिली गेल्याचा निर्वाळा नौदलाच्या महानिरीक्षकाने दिला, तरी त्यांवरचा आक्षेप शमला नाही. उलट जॉर्ज बुश हे टेक्सासच्या हवाई रक्षक दलात हजर होते की नव्हते, या प्रश्नावर सीबीएस वाहिनीने जे कागद पुढे आणले, त्यांच्या अस्सलपणाची हमी तिला स्वतःलाच देता येईना. दफ्तर मागवले जाते ते सत्यासाठी. वापरले जाते ते आपापली बखर सजवण्यासाठी.

या साऱ्या गदारोळात स्वतःची कैफियत सरळपणे सांगणारा एकच पुरुष मला दिसतो. १८४८ साली लुइस कॅस या उमेदवाराच्या गौरवार्थ चाललेल्या पोवाड्यांची थट्टा करताना, ब्लॅक हॉकच्या मोहिमेत आपणही होतो, पण आपले रक्त सांडले ते डासांशी झालेल्या झुंजीत, असे अब्राहम लिंकनने प्रतिनिधिगृहात खुशाल सांगून टाकले. सोळा वर्षांनी, यादवी युद्ध ऐन भरात असता, त्याच्याविरुद्ध जनरल मॅक्लेलन उभा राहिला. लिंकनला २१२ मते पडली आणि जनरलला २१. आणि छावण्यांतून मत देणाऱ्या शिपायांचा कौलही बहुसंख्येने लिंकनच्याच बाजूने पडला.