टेकडीवरची हवेली आणि माजघराची साक्ष

जुन्या वाड्यांच्या गोष्टी म्हटलं की आपल्याला बंद खोली, पुरलेला हंडा, रात्री वाजणारे पैंजण आठवतात. आजची गोष्टही एका जुन्या हवेलीची आहे, पण तिच्यासाठी जरा लांब जायचंय, थेट अमेरिकेत. तिथल्या व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल नावाचं गाव आहे आणि गावाबाहेर टेकडीवर विटांची, घुमट असलेली देखणी हवेली आहे. नाव मॉन्टिसेलो. इटालियन भाषेत याचा अर्थ लहानशी टेकडी.

ही हवेली थॉमस जेफरसनची. अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष आणि १७७६ सालच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक. सगळी माणसं जन्मतः समान आहेत, हे त्या जाहीरनाम्यात ज्याने लिहिलं तोच हा माणूस. आणि आयुष्यभरात मिळून सहाशेहून जास्त गुलाम माणसं याच्या मालकीची होती.

हवेलीची रचना ऐकण्यासारखी आहे. स्वयंपाकघर, धुराड्याची खोली, नोकरांच्या खोल्या हे सगळं टेकडीच्या उतारात असं बसवलंय की वरच्या हिरवळीवर फिरणाऱ्या पाहुण्याला ते दिसूच नये. जेवणाच्या खोलीचं एक दार मधल्या खुंटावर गोल फिरतं आणि त्याला मागून फळ्या आहेत. पलीकडून कुणीतरी ताटं फळ्यांवर ठेवायची आणि दार फिरवायचं, की अन्न पाहुण्यांसमोर हजर, वाढणारी मात्र दाराआडच. दारूच्या बाटल्या तळघरातून चुलाण्याच्या बाजूने दोरीवर वर यायच्या. लोक याला जेफरसनची कल्पकता म्हणतात. ती होतीच. पण राबणारे हात दिसू नयेत म्हणून किती डोकं चालवलंय, हेही त्यातून दिसतं. वाढून वाढून पाठ मोडलेल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता नाती सांगते, नीट लक्ष द्या.

जेफरसनची बायको मार्था. तिचे वडील जॉन वेल्स, मोठे जमीनदार. त्यांच्याकडे एलिझाबेथ हेमिंग्ज नावाची गुलाम स्त्री होती. तिला वेल्सपासून सहा मुलं झाली, आणि त्यातली धाकटी सॅली, जन्म १७७३. त्याच साली वेल्स वारले. शेती, कर्ज आणि गुलाम यांची वाटणी झाली, त्यात एलिझाबेथ आणि तिची मुलं जेफरसनच्या वाट्याला आली. म्हणजे सॅली ही मार्थाची सावत्र बहीण, जेफरसनची मेहुणी आणि त्याच्या मुलींची मावशी. आपल्या भाषेत मावशी म्हटलं की काय उभं राहतं, ते सांगायला नको. ही मावशी भाच्यांचे कपडे आवरायला होती.

मार्था १७८२ साली वारली. मुलांवर सावत्र आई आणणार नाही असं वचन तिने मरताना नवऱ्याकडून घेतलं, असं त्या घरातल्या दासी पुढे सांगत. जेफरसनने पुन्हा लग्न केलं नाही हे खरं.

१७८४ साली तो सरकारी कामावर फ्रान्सला गेला. थोरली मुलगी बरोबर होती. मागे राहिलेल्यांपैकी एक लेक डांग्या खोकल्याने गेली, तेव्हा त्याने उरलेल्या पॉलीला पॅरिसला बोलावून घेतलं. सोबत एखादी वयस्क बाई द्या, असं त्याने कळवलं होतं. नातेवाइकांनी पाठवलं सॅलीला. आठ वर्षांची पॉली आणि तिला सांभाळायला चौदा वर्षांची मावशी. वाटेत लंडनला ज्यांच्याकडे त्या उतरल्या, त्या अबिगेल ॲडम्स यांनी जेफरसनला पत्रात लिहिलं की या मुलीलाच पॉलीपेक्षा जास्त सांभाळावं लागेल.

पॅरिसमध्ये एक गोष्ट वेगळी होती. फ्रान्सच्या भूमीवर गुलामाला कोर्टात स्वातंत्र्य मागता येत होतं. सॅलीला तिथे काही काळ पगारही मिळाला. १७८९ साली परतायची वेळ आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती, जेफरसन सेहेचाळीसचा. तिचा मुलगा मॅडिसन याने पुढे सांगितलं की ती तेव्हा गरोदर होती आणि परत जायला तयार नव्हती. मग जेफरसनने वचन दिलं, की तुला चांगलं वागवीन आणि तुझी मुलं एकवीस वर्षांची झाली की मोकळी करीन. त्या बोलीवर ती परतली.

याला कुणी प्रेमकथा म्हणतात. सिनेमे, कादंबऱ्या झाल्यात. माझ्या मते हा शब्द वापरायला आपण जरा थांबावं. मालक आणि मालकीची माणूस, त्यात सोळा वर्षांची. नाही म्हणायची सोय तिला फक्त पॅरिसमध्ये होती, आणि तिथे तिने त्या 'नाही'चा उपयोग न जन्मलेल्या मुलांसाठी केला. तिच्या मनात काय होतं, ते तिने लिहून ठेवलेलं नाही.

व्हर्जिनियात १६६२ पासून कायदा होता की मूल आईच्या जातकुळीचं. आई गुलाम, तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. इतर सगळीकडे बापाचं नाव लावणाऱ्या समाजाने नेमकं इथेच आईचं नाव लावलं, कारण त्यात मालकाचा फायदा होता. आपल्याकडेही हे परकं नाही. पेशवाईतल्या कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात, आणि बटीक, लेकावळा हे शब्द आपल्याच भाषेतले आहेत.

सॅलीची चार मुलं जगली. बेव्हर्ली, हॅरिएट, मॅडिसन आणि ईस्टन. जेफरसनच्या शेतीच्या वहीत त्यांची नावं आईच्या नावाखाली आहेत, घोंगड्या आणि कापडाच्या वाटपासकट. बापाचा रकाना कोरा.

गुपित म्हणाल, तर ते फार दिवस गुपित नव्हतंच. १८०२ साली जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना जेम्स कॅलेंडर या पत्रकाराने रिचमंडच्या वर्तमानपत्रात सॅलीचं नाव घेऊन ते छापलं. कॅलेंडर काही साधुपुरुष नव्हता, नोकरी मिळाली नाही म्हणून चिडलेला होता. जेफरसनने जाहीर उत्तर दिलं नाही. तो शेवटपर्यंत गप्प राहिला. हजारो पत्रं लिहिणारा माणूस, आणि सॅलीबद्दल मनातलं एक अक्षर नाही.

तो १८२६ साली गेल्यावर बोलायचं काम घरच्यांवर आलं. घराणं मोठं, पण कर्ज लाखाच्या वर डॉलर. पुढच्याच जानेवारीत हवेलीवरच्या १३० माणसांचा लिलाव झाला, मग हवेलीही विकली गेली. उरलं फक्त नाव. ते जपायला नातवंडं पुढे सरसावली. नातू थॉमस रँडॉल्फ म्हणाला, ती मुलं आजोबांच्या पीटर कार या भाच्याची. नात एलेन म्हणाली, त्याचा भाऊ सॅम्युएलची. भावाबहिणीचं यावर एकमत नव्हतं, पण आजोबांची नव्हेत यावर होतं. आणि गंमत बघा, याच नातवाने एका चरित्रकाराला सांगितलं की त्या मुलांपैकी एक तर आजोबांसारखा इतका दिसायचा की संध्याकाळच्या अंधुक उजेडात तसे कपडे घालून लांब उभा राहिला, तर आजोबाच वाटावेत. आपल्या आईने मरणाआधी सांगितल्याचा हवालाही त्याने दिला, की त्या मुलाच्या जन्माआधी पंधरा महिने जेफरसन आणि सॅली एकत्र नव्हतेच.

तिकडे ओहायो राज्यात मॅडिसन हेमिंग्ज सुतारकाम करून राहत होता. वचनाप्रमाणे त्याला मृत्युपत्राने मोकळं केलं होतं. आईचं नाव मृत्युपत्रात नव्हतं. जेफरसनच्या लेकीने तिला नुसतं जाऊ दिलं, कागद न करता, आणि १८३५ पर्यंत ती शार्लट्सव्हिलमध्ये मुलांजवळ राहिली. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १८७३ साली, मॅडिसनने एका स्थानिक वर्तमानपत्राला आपली हकीकत सांगितली. आजी, आई, पॅरिस, वचन, भावंडं, सगळं क्रमाने. शेजारच्या वर्तमानपत्राने थट्टा केली, की घोड्याच्या जाहिरातीत वंशावळ छापतात तसंच हे.

पुढची शंभर वर्षं मोठमोठे इतिहासकार नातवाचं ऐकत राहिले आणि मॅडिसनची साक्ष बाजूला सारत राहिले. का, तर एकाकडे घराणं होतं आणि दुसऱ्याकडे आईने सांगितलेलं होतं. पण गोष्ट अशी, की ड्यूमस मलोन या इतिहासकाराने जेफरसनचं सहा खंडी चरित्र लिहिलं आणि तो कोणत्या तारखेला कुठे होता हे बारकाईने मांडलं. मलोन स्वतः मॅडिसनचं म्हणणं मानत नव्हता. पण त्या तारखा घेऊन बसलं तर दिसतं, की सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या आधी नऊ महिन्यांच्या सुमाराला जेफरसन घरीच होता. कामानिमित्त महिनोन् महिने बाहेर असणारा माणूस, आणि एकदाही चुकलेलं नाही. तो नसताना तिला दिवस गेलेच नाहीत. पंधरा महिन्यांची गोष्ट तिथेच संपली. हे बोटांवर मोजायचं गणित कुठल्याही सुईणीने केलं असतं.

१९९७ साली ॲनेट गॉर्डन-रीड या कायद्याच्या प्राध्यापिकेने पुस्तक लिहिलं. त्या स्वतः कृष्णवर्णीय. त्यांनी वकिलाच्या पद्धतीने दोन्ही घरांच्या साक्षी शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, गोऱ्या नातवाला एक माप आणि मॅडिसनला दुसरं, हे का? नवा कागद जवळजवळ नव्हताच. होते तेच कागद त्यांनी सारख्या मापाने मोजले.

लगेच पुढच्या वर्षी डीएनए चाचणी झाली. आशाताई आपल्याला सांगतात ना, मुलगा की मुलगी हे बापाच्या गुणसूत्रावर ठरतं. ते वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे, त्याच्याकडून नातवाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. जेफरसनचा बायकोपासून झालेला मुलगा जगला नव्हता, म्हणून डॉ. युजीन फॉस्टर यांनी त्याच्या काकाच्या वंशातल्या पुरुषांचं रक्त घेतलं, कार भाच्यांच्या घराण्यातलं घेतलं आणि ईस्टन हेमिंग्जच्या वंशजाचं घेतलं. ईस्टनचं जेफरसन घराण्याशी जुळलं. कार भाच्यांशी जुळलं नाही. दीडशे वर्षं ज्यांच्या माथी मारलं, ते दोघे सुटले. चाचणी एवढंच सांगते की बाप जेफरसन घराण्यातला. पण तारखा, मॅडिसनची साक्ष आणि फक्त सॅलीच्याच सगळ्या मुलांना मिळालेली मोकळीक हे जोडलं, तेव्हा हवेली सांभाळणाऱ्या संस्थेने २००० साली मान्य केलं की बाप थॉमस जेफरसनच असण्याची शक्यता फार मोठी आहे. काही अभ्यासकांना हे अजून पटत नाही, ते जेफरसनच्या भावाकडे बोट दाखवतात.

याच चाचणीतली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वुडसन नावाच्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात पिढ्यान् पिढ्या सांगत होते की आम्हीही सॅली आणि जेफरसनचे. त्यांचं जुळलं नाही. तेव्हा आजीने सांगितलं म्हणजे खरंच, असं नाही. आजीचं म्हणणं तपासायला तरी घ्या, एवढंच.

आणि ईस्टनचं घर? तो विस्कॉन्सिनला गेला, जेफरसन आडनाव लावलं आणि गोरा म्हणून राहिला. पुढच्या पिढ्यांना सांगण्यात आलं, आपण जेफरसनच्या एका काकाचे वंशज. म्हणजे गुपित फक्त मोठ्या घराने ठेवलं असं नाही. जगायला सोपं जावं म्हणून लेकरांच्या घरानेही ठेवलं. १९७४ साली निघालेलं एक चरित्र वाचताना त्या घरातल्यांना आपल्या पूर्वजाचं नाव दिसलं, तेव्हा उलगडलं.

हवेलीच्या आवारात घराण्याची दफनभूमी आहे. ती नातवंडांच्या वंशजांच्या मंडळाकडे आहे. १९९९ साली त्यांच्या मेळाव्याला हेमिंग्ज वंशज पाहुणे म्हणून आले. सभासद करून घ्यायचं का, यावर २००२ साली मत घेतलं. मोठ्या बहुमताने नाही म्हणाले.

हवेलीत मात्र बदल झाला. दक्षिणेच्या बाजूला, उतारातल्या खोल्यांपैकी एक सॅलीची असावी असं नातवाच्याच एका जुन्या वर्णनावरून वाटत होतं. १९४१ साली तिथे पर्यटक पुरुषांसाठी संडास बांधला होता. तो काढून खाली खणलं तर जुनी फरशी आणि चूल निघाली. २०१८ पासून ती खोली लोकांना दाखवतात. सॅलीचं एकही चित्र कुठे नाही, म्हणून तिथे भिंतीवर नुसती सावली पडते.

हॅरिएटचं राहिलं. हवेलीत ती सूत कातायची, कापड विणायची. एकविसाव्या वर्षी, १८२२ साली, जेफरसनच्या सांगण्यावरून मुकादमाने तिच्या हातात पन्नास डॉलर ठेवले आणि ती घोडागाडीत बसून निघून गेली. जेफरसनच्या वहीत नोंद आहे, पळाली. मॅडिसनने १८७३ साली सांगितलं की ती वॉशिंग्टनला गोरी म्हणून राहिली, चांगल्या घरातल्या गोऱ्या माणसाशी लग्न केलं, मुलं झाली. नवऱ्याचं नाव मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही, असंही तो म्हणाला. दहा वर्षांत तिची काही खबर नव्हती. मॅडिसनने नाव सांगितलं नाही आणि हॅरिएटची लेकरं कोण, कुठली, ते अजून कुणाला सापडलेलं नाही.