पोटात गादी, कमरेला पट्टे

मराठीत सामान बांधण्याचे वाक्प्रचार पाहिले तर बहुतेक पराभवाचेच निघतात. गाशा गुंडाळणे, चंबूगबाळे आवरणे, बाडबिस्तरा उचलणे. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचे कापड. ते गुंडाळले की स्वार निघाला, आणि बहुधा परत न येण्यासाठी. हौसेने पंधरा दिवस फिरून घरी परतणाऱ्याच्या सामानासाठी असा वाक्प्रचार काही घडला नाही. तो प्रवासी आगगाडीने घडवला आणि त्याच्या हाती एक वस्तू दिली : होल्डॉल. ज्यांच्या जिभेला ते नाव जड गेले, त्यांनी घरातलाच शब्द लावला, वळकटी.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीत अंथरुणाचे काम नव्हते. 21 मैलांत डुलकीसुद्धा पुरी होत नाही. प्रश्न आला तो रूळ लांबले तेव्हा. 1870 मध्ये जबलपूरला दोन्हीकडचे मार्ग जोडले गेले, मुंबईहून कलकत्त्यापर्यंत रेल्वेने जाता येऊ लागले, आणि डब्यात रात्री काढाव्या लागल्या. रेल्वे जागा देई, अंथरूण नाही. पहिल्या वर्गाचा साहेबही स्वतःचा बिस्तरा घेऊन निघे. फरक एवढाच, की तो पसरायला बरोबर नोकर असे. तिसऱ्या वर्गात लाकडी फळी आणि आपले नशीब.

होल्डॉल या इंग्रजी शब्दाचा अर्थ सरळ आहे, सगळे मावून घेणारा. त्याचा भाऊबंद सैन्यात सापडतो : ब्रिटिश अधिकाऱ्यांची कॅनव्हासची गुंडाळायची पथारी, जिच्यात अंथरूण आणि कपडे एकत्र जात. नागरी होल्डॉलची रचनाही तशीच. माणूस झोपेल एवढा लांब, जाड कॅनव्हासचा पट्टा, दोन्ही टोकांना खिसे, बाजूंना आत दुमडायचे पदर, बाहेरून चामड्याचे दोन पट्टे आणि धरायला मूठ. एका खिशात उशी, दुसऱ्यात कपडे, चपला आणि ऐन वेळी आठवलेले सगळे. मधे गादी किंवा सतरंजी. खरी करामत उघडताना दिसे : पट्टे सोडून फळीवर उलगडले की सामानाचाच बिछाना झाला, उशीसकट. इतकी हुशार वस्तू प्रवासाच्या बाजारात त्यानंतर फारशी आली नाही. रंग बहुधा खाकी किंवा लष्करी हिरवा, आणि कोळशाच्या इंजिनाची काजळी खिडकीतून आत येत असताना तो सोयीचाच होता.

अर्थात सगळ्यांकडे होल्डॉल नव्हता. गांधीजींनी 1902 मध्ये कलकत्त्याहून राजकोटचा प्रवास मुद्दाम तिसऱ्या वर्गाने केला, त्याची तयारी त्यांनी आत्मकथेत नोंदवली आहे. बारा आण्यांची कॅनव्हासची पिशवी, तीत एक लांब लोकरी कोट, धोतर, पंचा आणि सदरा. शिवाय पांघरायला कांबळे आणि पाण्याचा लोटा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुऱ्या आणि लाडू भरून धातूचा डबा दिला आणि स्टेशनवर निरोप द्यायलाही ते आले. वाटेत काशी, आग्रा, जयपूर, पालनपूर असे मुक्काम झाले. एवढ्या प्रवासाला एवढेच सामान! मराठी कुटुंबाने ते वाचून मान डोलावली असेल आणि मग वळकटीत आणखी एक चादर कोंबली असेल.

कोंबण्याचे गणित ऋतूवर चाले. मे महिन्याच्या सुटीत डब्याचे पत्रे तापलेले, म्हणून वळकटी सडपातळ : सतरंजी, सोलापुरी चादर, संपले. वजन जाई पाण्याकडे. फिरकीचा तांब्या हातात आणि कॅनव्हासची छागल खिडकीच्या बाहेर टांगलेली. कापडातून झिरपणारे पाणी वाऱ्यावर उडून जाई आणि आतले गार होई. श्रीमंतांच्या डब्यात बर्फाची लादी ठेवत. ती हळूहळू वितळत जाई. हिवाळ्यात उत्तरेकडे निघालेल्यांची वळकटी गरोदर दिसे. रजई, घोंगडी, लोकरीचे कपडे, मुलांच्या कानटोप्या. ती बांधायला दोन माणसे लागत, एक गुडघा रोवून दाबणारा आणि दुसरा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढणारा. पावसाळ्यात आतून मेणकापड, कारण ओला कॅनव्हास आपले वजन हमालाला आणि मालकाला सारखेच जाणवून देतो.

या वस्तूचा घात फळीवर झाला. तिसरा वर्ग 1974 मध्ये रद्द झाला, पण तेवढ्याने लाकूड मऊ झाले नाही. ते काम मधु दंडवत्यांनी केले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे, राजापूरहून निवडून गेलेले हे समाजवादी खासदार 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला घेतला. त्याच वर्षी 26 डिसेंबरला मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, वर्गभेद नसलेली. दोन इंच म्हणजे काही फार नव्हे, पण वळकटीतल्या गादीची नोकरी गेली ती त्यामुळेच. गादी गेल्यावर उरलेली चादर सुटकेसमध्ये मावत होती. पुढे 1993 पासून वातानुकूलित तीन-स्तरीय डबे आले आणि चादर, उशी, ब्लँकेट रेल्वेच देऊ लागली. डब्याबाहेर 42 अंश असले तरी आत कुडकुडायचे. उन्हाळा-हिवाळा हा हिशेबच मोडला.

गंमत अशी, की दंडवत्यांच्या कोकणात रेल्वे पूर्णपणे धावू लागली ती 26 जानेवारी 1998 रोजी. त्याआधीच्या कितीतरी गणपतींना तिथल्या वळकट्या एसटीच्या टपावर भिजत गेल्या, आणि गाडी आली तोवर वळकटी नाहीशी होत आली होती.

मार्च 2020 मध्ये करोनामुळे रेल्वेने वातानुकूलित डब्यांतली ब्लँकेटे आणि पडदे काढून घेतले. अंथरूण-पांघरूण परत सुरू झाले ते मार्च 2022 मध्ये. मधली दोन वर्षे लोक घरून शाली, दुलया, चादरी आणत होते आणि त्या पाठपिशवीत, किराणाच्या थैलीत, कशातही कोंबत होते. काही स्टेशनांवर वापरून टाकायची अंथरुणेही विकायला आली. माळ्यावरचा होल्डॉल मात्र फारसा कुणाला आठवला नाही. तो फलाटावर दिसतो तो जवानांजवळ : पांढऱ्या रंगात नाव आणि क्रमांक लिहिलेली काळी पत्र्याची ट्रंक, आणि तिच्यावर दोन पट्ट्यांनी आवळलेली हिरवी वळकटी.