निर्धन रुग्ण निधी योजना

निर्धन रुग्ण निधी योजना ही महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांमध्ये निर्धन आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांना मोफत अथवा सवलतीच्या दरात उपचार मिळावेत, यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने लागू झालेली योजना आहे. ती १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आली. योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने आपल्या एकूण कार्यरत खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवणे बंधनकारक आहे. ही सवलत रुग्णालयाच्या मर्जीवर अवलंबून नसून कायद्याने लादलेले कर्तव्य आहे. गिरगाव आणि त्याच्या आसपासचा दक्षिण मुंबईचा परिसर मोठ्या धर्मादाय रुग्णालयांचा असल्याने तेथील चाळींतून राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने या योजनेला विशेष महत्त्व आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी

सार्वजनिक विश्वस्त संस्थांनी चालवलेल्या रुग्णालयांना जमीन, चटईक्षेत्र, करसवलत इत्यादी स्वरूपांत शासनाचे साहाय्य मिळत आले आहे. त्याच्या मोबदल्यात गरीब रुग्णांवर उपचार करण्याचे बंधन महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० (पूर्वीचा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम) याच्या कलम ४१ कक अन्वये घालण्यात आले. मात्र या तरतुदीचे पालन होत नसल्याची तक्रार करणारी जनहित याचिका २००४ साली मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. 'संजीव गजानन पुनाळेकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. १७ ऑगस्ट २००६ रोजी न्यायालयाने सविस्तर योजना मंजूर केली.

निधीची रचना

प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने 'निर्धन रुग्ण निधी' या नावाचे स्वतंत्र खाते ठेवावयाचे असते. निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्ण वगळता अन्य सर्व रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम कोणतीही वजावट न करता या खात्यात जमा करावी लागते. वर्षाला १०० कोटी रुपयांची देयके आकारणाऱ्या रुग्णालयात या हिशेबाने २ कोटी रुपयांचा निधी उभा राहतो. योजनेच्या देखरेखीची जबाबदारी धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे असून तिचे मुख्य कार्यालय वरळी येथे आहे.

लाभार्थी व उत्पन्नमर्यादा

योजनेच्या आरंभी वार्षिक उत्पन्न २५,००० रुपयांपर्यंत असलेली व्यक्ती निर्धन, तर ५०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेली व्यक्ती दुर्बल घटकांतील मानली जात असे. या मर्यादा वेळोवेळी वाढवण्यात आल्या. त्या काही काळ अनुक्रमे ८५,००० व १,६०,००० रुपये होत्या. पुढे त्या १,८०,००० व ३,६०,००० रुपये करण्यात आल्या. म्हणजे मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असल्यास पहिल्या आणि ३०,००० रुपयांपर्यंत असल्यास दुसऱ्या गटाचा लाभ मिळू शकतो.

सवलतींचे स्वरूप

खाट, निवासी डॉक्टरांची सेवा, शुश्रूषा, चादरी-कपडे, पाणी, वीज व नेहमीच्या आवश्यक तपासण्या यांचे शुल्क लाभार्थी रुग्णांकडून घेतले जात नाही. रुग्णालय जेवण पुरवत असल्यास तेही विनामूल्य असते. औषधे, उपचारासाठी लागणाऱ्या वापरून संपणाऱ्या वस्तू आणि शरीरात बसवावयाची साधने यांचे मूल्य छापील किमतीने नव्हे, तर रुग्णालयाच्या खरेदी किमतीने धरले जाते. निर्धन रुग्णाच्या बाबतीत ही संपूर्ण रक्कम निधीतून वळती केली जाते. दुर्बल घटकांतील रुग्णाला तिचा किमान ५० टक्के भाग स्वतः भरावा लागतो. उदाहरणार्थ, खरेदी किमतीनुसार औषधे व साधने यांचे मूल्य ४०,००० रुपये झाल्यास अशा रुग्णाला किमान २०,००० रुपये द्यावे लागतात. म्हणून 'राखीव खाट' याचा अर्थ प्रत्येक वेळी 'पूर्णपणे मोफत उपचार' असा होत नाही.

तातडीचे उपचार

रुग्णाची स्थिती गंभीर असल्यास धर्मादाय रुग्णालयाने त्यास तत्काळ दाखल करून जीवरक्षक उपचार द्यावेत आणि अशा वेळी अनामत रक्कम मागू नये, असे योजनेत स्पष्ट केले आहे. २०२५ साली पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने अनामत रक्कम मागितल्याचा आरोप एका प्रसूत महिलेच्या मृत्यूनंतर तिच्या कुटुंबीयांनी केला. त्यानंतर ही तरतूद राज्यभर चर्चेत आली.

कागदपत्रे व प्रक्रिया

उत्पन्नाचा पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका अथवा दारिद्र्यरेषेखालील असल्याचे पत्र सादर करावे लागते. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक या कागदपत्रांची पडताळणी करतो. त्यामुळे दाखल होताना प्रथम त्याची भेट घेणे उपयुक्त ठरते. मुंबई शहर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय फोर्ट भागातील जुन्या कस्टम हाऊसमध्ये आहे. घरातील कमावती व्यक्तीच आजारी पडल्यावर दाखल्यासाठी धावपळ करणे कठीण जाते, म्हणून उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवणे हितावह असते.

गिरगाव परिसरातील रुग्णालये

गिरगावात प्रार्थना समाजाजवळ असलेले सर हरकिसनदास नरोत्तमदास रुग्णालय १९२५ साली स्थापन झाले. पुनर्बांधणीनंतर २५ ऑक्टोबर २०१४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आता ते सर एच. एन. रिलायन्स फाउंडेशन रुग्णालय या नावाने ओळखले जाते; जुन्या रहिवाशांच्या बोलण्यात मात्र ते 'हरकिसनदास'च राहिले आहे. चर्नी रोडचे सैफी, मरीन लाइन्सचे बॉम्बे हॉस्पिटल, ताडदेवचे भाटिया आणि पेडर रोडचे जसलोक ही विश्वस्त संस्थांची रुग्णालयेही या परिसराला जवळची आहेत. याशिवाय शासनाची जे. जे., गोकुळदास तेजपाल व कामा ही रुग्णालये आणि महानगरपालिकेचे नायर रुग्णालय येथील कुटुंबांचा पूर्वापार आधार आहेत.

मर्यादा

योजनेची उत्पन्नमर्यादा ठाम असल्यामुळे तिच्या किंचित वर असलेली कुटुंबे लाभापासून वंचित राहतात. दरमहा ३१,००० रुपये निवृत्तिवेतन मिळणाऱ्या वृद्ध दांपत्याचे वार्षिक उत्पन्न ३,७२,००० रुपये होते आणि ते दुर्बल घटकाच्या मर्यादेबाहेर जाते. हृदयशस्त्रक्रियेचा खर्च मात्र त्यालाही पेलवत नाही. राखीव खाटा भरलेल्या असणे, योजनेची माहिती नसणे आणि कागदपत्रे वेळेवर न मिळणे या अन्य अडचणी आहेत.

अन्य साहाय्य योजना

२ जुलै २०१२ रोजी मुंबईसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचे १ एप्रिल २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामांतर झाले. आरंभी तिचे संरक्षण प्रतिकुटुंब वार्षिक दीड लाख रुपये होते. जुलै २०२३च्या शासन निर्णयाने ते ५ लाख रुपये करून पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही योजनेत घेण्यात आले. त्यामुळे निर्धन रुग्ण निधीच्या उत्पन्नमर्यादेत न बसणाऱ्या कुटुंबांनाही तिचा लाभ मिळू शकतो. मात्र तो संलग्न रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांपुरताच असतो. रुग्णांच्या मार्गदर्शनासाठी अशा रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' नेमलेले असतात. गंभीर आजारांसाठी मुख्यमंत्री साहाय्यता निधीतून, तसेच प्रभादेवी येथील श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यासाकडूनही गरजू रुग्णांना आर्थिक मदत दिली जाते.