फेरारी रुतली, बैल जिंकले: जुन्या जीपच्या अपग्रेडची गोष्ट, माझगाव ते नागाव

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. हेडफोन काढा, चहा घ्या.

डिसेंबर २०२४ मधला तो व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असणार. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी वाळूत रुतली. ढकलून झालं, पण गाडी हलेना. शेवटी बैलगाडीला दोर बांधला आणि बैलांनी ती गाडी ओढून बाहेर काढली. आपण सगळे हसलो, फॉरवर्ड केलं आणि विसरलो.

पण जरा थांबा. फेरारीच्या बॉनेटखाली शेकडो घोड्यांची ताकद. समोर दोन बैल. मग बैल का जिंकले? हा प्रश्न खिशात ठेवा, कारण आजचा सगळा भाग त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

रेवदंड्याच्या जरा वर, चौल ओलांडलं की नागाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यातून जाणारे अरुंद रस्ते, पुढे सुरूचं बन आणि मग लांबच लांब पुळण. शनिवार-रविवारी या रस्त्यांवर जीप, जिप्सी आणि थार यांची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच गाड्या जुन्या, सेकंड हँड घेतलेल्या. आणि त्या घेणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: ही गाडी ऑफ-रोडसाठी तयार करायची तर सुरुवात कुठून करू?

त्याचं उत्तर शोधायला आपण इतिहासात जाऊ. कारण आपल्याकडची जीप ही पहिल्यापासूनच अपग्रेड होत आलेली गाडी आहे.

४९ दिवसांत बनलेली गाडी

साल १९४०. युरोपात युद्ध पेटलंय. अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी छोटी गाडी हवी होती. त्यांनी १३५ कंपन्यांना विचारलं. अट अशी की पहिला नमुना ४९ दिवसांत उभा करायचा. ती अट बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पाळली आणि सप्टेंबर १९४० मध्ये गाडी सैन्याच्या दारात उभी केली. पण मोठं उत्पादन तिला झेपणारं नव्हतं. मोठ्या ऑर्डरी गेल्या विलीज आणि फोर्ड यांच्याकडे. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनल्या.

विलीजच्या इंजिनची ताकद किती होती? ६० हॉर्सपॉवर. आजच्या साध्या हॅचबॅकलासुद्धा याहून जास्त असते. मग ती गाडी चिखल, वाळू, डोंगर कशी पार करायची?

खरी गंमत गिअरमध्ये होती. मुख्य गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक छोटा गिअरबॉक्स, त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. पहिला गिअर आणि लो रेंज टाकली की इंजिनचे साधारण २५ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा पूर्ण होतो. वेग जातो, पण जोर कितीतरी पटीने वाढतो. चाक गरगरत नाही, हळूहळू जमीन पकडत पुढे सरकतं.

आता खिशातला प्रश्न काढा. बैल असंच करतात. संथ चालतात, खूर रोवतात, मग जोर लावतात. फेरारी याच्या उलट. तिची ताकद वेगासाठी बांधलेली, पोट जमिनीला टेकलेलं, टायर डांबरासाठी बनवलेले. वाळूत चाक जोरात फिरलं की ते पुढे जात नाही, स्वतःसाठी खड्डा खणतं. म्हणजे रुतण्याचा आणि निघण्याचा संबंध ताकदीपेक्षा पकडीशी जास्त आहे. हे लक्षात ठेवा, पुढे पैसे वाचतील.

माझगावला आलेली जीप

२ ऑक्टोबर १९४५. जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी सुरू केली, पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं.

के. सी. महिंद्र युद्धाच्या काळात अमेरिकेत होते. तिथे त्यांची भेट विलीजच्या इंजिनामागचे अभियंते बार्नी रूस यांच्याशी झाली. रस्ते कमी आणि खडतर असलेल्या देशाला ही गाडी उपयोगाची आहे, हे त्यांनी ओळखलं. मग जीपचे सुटे भाग जहाजाने मुंबईत येऊ लागले आणि माझगावला ते जोडून गाड्या तयार होऊ लागल्या.

आता नकाशा उघडा. भाऊचा धक्का याच माझगावात आहे. मार्च २०२० पासून तिथून मांडव्याला रो-रो बोट जाते, गाड्या पोटात घेऊन. म्हणजे शनिवारी सकाळी तुमची थार ज्या परिसरातून बोटीवर चढते, तिथेच तिच्या पणजीचे नट-बोल्ट आवळले गेले होते. मांडव्याला उतरलं की अलिबाग, आणि तिथून पुढे नागाव.

इंजिन बदलण्याचा जमाना

आपल्याकडे बरीच वर्षं चाललेलं मॉडेल म्हणजे सीजे-३बी. हिचं बॉनेट उंच का? कारण विलीजने आत नवीन, उंच इंजिन बसवलं आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग बॉनेटच उंच केलं. बघा, कंपनीनेसुद्धा तेच केलं जे आपल्या गल्लीतला मेकॅनिक करतो: आधी इंजिन, मग त्याच्यासाठी जागा.

१९७३ मध्ये जगात तेलाचं संकट आलं. पेट्रोल महागलं आणि पेट्रोल पिणारी जीप पांढरा हत्ती वाटू लागली. आपल्याकडे डिझेल स्वस्त होतं, शिवाय डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत चांगला जोर देतं. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणं हा त्या काळचा खरा अपग्रेड होता. कंपनीही त्याच वाटेने गेली. १९७९ मध्ये महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी एक्सडीपी डिझेल इंजिनासाठी करार केला आणि १९८५ मध्ये ते इंजिन घेऊन एमएम ५४० आली. जुन्या जीपवाल्यांमध्ये आजही ‘फाइव्ह फोर्टी’ म्हटलं की चेहरे खुलतात.

पण डिझेल इंजिन जड असतं. नाकावर वजन वाढलं की पुढचे पाटे दबतात, स्टिअरिंग जड होतं, ब्रेकवर ताण येतो. एक गोष्ट बदलली की तिच्यामागे तीन गोष्टी बदलाव्या लागतात. जीपच्या इतिहासातला हा दुसरा धडा.

त्याच वर्षी, म्हणजे डिसेंबर १९८५ मध्ये, मारुतीची जिप्सी आली. इंजिन फक्त ९७० सीसी, ताकद ४५ हॉर्सपॉवर. कागदावर कोणी विचारणार नाही. पण गाडी हलकी आणि लो रेंज सोबत. जिथे जड गाडी रुतते तिथून जिप्सी टुणकन निघून जाते. १९९६ मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली, सैन्यापासून रॅलीपर्यंत सगळीकडे गेली. हलकं असणं हासुद्धा अपग्रेड असतो, हे तिने शिकवलं.

मग ऑक्टोबर २०१० मध्ये पहिली थार आली. तिच्या सीआरडीई मॉडेलमध्ये १०५ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं आणि पुढे स्वतंत्र सस्पेन्शन. पुढे २०१५ मध्ये मागच्या डिफरन्शियलला कंपनीनेच लॉकर दिला. इकडे पुण्याच्या फोर्सने गुरखामध्ये पुढे-मागे दोन्हीकडे लॉकर दिले. जे आधी हौशी लोक गॅरेजमध्ये करून घ्यायचे, ते शोरूममध्ये मिळू लागलं.

मग आज काय बदलायचं आणि कोणत्या क्रमाने?

इतिहासातून निघणारा क्रम सांगतो. इन्स्टाग्रामवर दिसतो त्याच्या तो जवळजवळ उलटा आहे.

पहिलं, गंज. नागाव, अलिबाग, काशीदकडची हवा खारी. जुन्या गाडीची चेसिस आतून पोखरलेली असेल तर वर लावलेला पन्नास हजारांचा माल फुकट. गाडी रॅम्पवर घ्या, चेसिसला हातोडीने हलकं ठोकून बघा. ठणठण आवाज आला तर बरं, भदभद आला तर आधी तिथे काम. किनाऱ्याकडून आलात की खालून गोड्या पाण्याने धुवा, पाट्यांच्या शॅकलला आणि प्रॉपेलर शाफ्टला ग्रीस भरा. कंटाळवाणं आहे, पण गाडी यावरच टिकते.

दुसरं, ब्रेक. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम असायचे. ड्रममध्ये पाणी आणि वाळू गेली की काही वेळ ब्रेक लागतच नाहीत. थांबता येत नसेल तर चढायचं कशाला?

तिसरं, टायर आणि हवा. इथे सर्वात कमी पैशात सर्वात जास्त फरक पडतो. डांबरावर ३० पीएसआय हवा असेल तर मऊ वाळूत १५ ते १८ पर्यंत उतरवतात. टायर बसका होतो, जमिनीवरचा ठसा लांब होतो, वजन पसरतं आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. परत डांबरावर यायच्या आधी हवा भरायची, नाहीतर वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. म्हणजे पहिली खरेदी कोणती? हवेचा गेज आणि छोटा पंप.

मोठे टायर लावायचेत? आधी हिशोब करा. साडेअठ्ठावीस इंची टायरच्या जागी ३१ इंची लावला तर घेर जवळपास नऊ टक्क्यांनी वाढतो. त्या २५ फेऱ्यांचा फायदा तितकाच कमी होतो. इंजिन धापा टाकतं, क्लच जळतो, ब्रेकला जास्त जोर लागतो आणि स्पीडोमीटर खोटं बोलतो. दिसायला गाडी दणकट, चालायला मंद.

चौथं, लॉकर. साध्या डिफरन्शियलची खोड अशी की ताकद सोप्या वाटेने जाते. एक चाक हवेत गेलं की तेच गरगरतं आणि जमिनीवरचं गप्प बसतं. लॉकर दोघांना एकत्र फिरवतो. पण लॉकरचा उपयोग दगडात आणि चरांत. नुसत्या वाळूसाठी तो घ्यायची घाई नको.

पाचवं, ओढून काढायची सोय. चेसिसला पक्के बसवलेले हुक, चांगला पट्टा, शॅकल. बंपरला किंवा ट्रेलरच्या बॉलला दोर बांधू नका, तुटला तर तो तुकडा गोळीसारखा येतो.

आणि गाडी उंच करणं, म्हणजे लिफ्ट? ते शेवटी. उंची वाढली की गाडी कलंडायची शक्यता वाढते. सीआरडीई थारसारख्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत तर पुढचे अ‍ॅक्सल जास्त कोनात चालतात आणि लवकर झिजतात.

इतिहास एकीकडे, कायदा दुसरीकडे

आता अडचण ऐका. ज्या देशात जीप इंजिन बदलत-बदलत मोठी झाली, तिथे आज नियम वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं: उत्पादकाने ठरवलेली मूळ रचना बदलायची नाही. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी लागते. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

‘कोण बघतंय?’ असं म्हणू नका. १५ वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तेव्हा तपासणी होते. आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी तुमचे बदलच शोधेल. तुमच्यासोबत बसलेल्या मित्राच्या उपचारांचा खर्च मग कोणाच्या खिशातून? वर दिलेल्या यादीत गंज, ब्रेकची देखभाल, हवा आणि ओढायची सोय या गोष्टी आधी का आहेत, हे आता कळलं असेल. त्या कायद्यात बसतात आणि गाडीही वाचवतात.

आणि पुळण?

शेवटचं आणि महत्त्वाचं. एवढी तयारी केलेली गाडी नागावच्या पुळणीवर घालायची का? माझं उत्तर, नको.

एक कारण समुद्र. ओहोटीची ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट वाटते, पण पाण्याच्या कडेला चाक थांबलं की खालची वाळू पातळ होऊन चाक गिळते. ओहोटीनंतर साधारण सहा तासांत भरती पूर्ण चढते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी भांगाच्या दिवसांपेक्षा कितीतरी वर येतं. समुद्र क्रेनची वाट बघत नाही.

दुसरं कारण माणसं. तिथे मुलं खेळतात, कोळी जाळी पसरतात, वाळूच्या आत खेकड्यांची बिळं असतात. म्हणून अनेक किनाऱ्यांवर प्रशासनाने गाड्यांना मनाई केलेली आहे. मन भरून चिखल-दगड हवेत? इगतपुरीला ऑफ-रोड शिकवणारी अकादमी आहे, सह्याद्रीत परवानगीने होणारे ट्रेल आहेत. नागावला गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडे लावा, चप्पल हातात घ्या आणि चालत जा.

आणि वाटेत बैलगाडी दिसली तर तिच्या बैलांना मनातल्या मनात रामराम करा. लो रेंज म्हणजे काय, हे जीपच्या आधी त्यांना कळलं होतं.

हा भाग आवडला असेल तर त्या मित्राला पाठवा, ज्याने परवाच जुनी जिप्सी घेतलीय आणि ३१ इंची टायर बघतोय. पुढच्या भागात भेटूच. तोवर टायरमधली हवा तपासा!