हिमाची वाट

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून बाहेर पडणारा रूळ आणि काश्मीरमध्ये गुलमर्गच्या उतारावर चैत्रात शिल्लक राहिलेला बर्फ, या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. चैत्र सरता सरता छत्तीसगडच्या मैदानात ऊन चाळीस अंशांच्या पुढे जाते, आणि भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला आतली आच व बाहेरची आच यांत फारसा भेद उरत नाही. त्याच दिवसांत गुलमर्गच्या माथ्यावरील अफरवट डोंगर पांढराशुभ्र असतो.

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि भिलाईच्या माळावर कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि पुढल्या वर्षापासून तेथे रूळ लाटले जाऊ लागले. भारतीय रेल्वेला लागणारा रूळ तेव्हापासून मुख्यतः भिलाईचाच. ज्या सोव्हिएत तंत्रज्ञांनी ही विद्या तेथे रुजविली, त्यांच्या देशात बर्फावरून घसरत जाण्याच्या लांब फळ्या, म्हणजे स्की, हे केवळ क्रीडेचे साधन नव्हते. हिवाळ्यात एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचा तो जुना मार्ग होता. लोखंडाची वाट घालणाऱ्या त्या माणसांना हिमाची वाट ठाऊक होती.

या दोन वाटांत मोठे अंतर आहे. लोखंडाची वाट एकदा घातली, की ती सकाळी, दुपारी आणि रात्री तीच राहते. हिमाची वाट प्रहराप्रहराला बदलते. सकाळी ज्या उतारावरून माणूस निर्धास्त उतरला, त्याच उतारावर दुपारी त्याचा प्राण जाऊ शकतो. गुलमर्गचा इतिहास पाहू गेल्यास तो पुष्कळसा हा प्रहर ओळखण्याचा, आणि कधी कधी तो न ओळखल्याचा, इतिहास आहे.

वसंतातील बर्फ हा पौष-माघातल्या बर्फाहून निराळा पदार्थ आहे. नुकताच पडलेला हिम पिंजलेल्या कापसासारखा असतो. एक घनमीटर हिमाचे वजन शंभर किलोपर्यंतच भरते. पुढे तो दबतो, मुरतो, आणि वसंतात त्याच घनमीटराचे वजन चारशे-पाचशे किलोपर्यंत जाते. दिवसा उन्हाने त्याचा वरचा थर वितळतो. रात्री आकाश निरभ्र असेल तर तोच थर आपली उष्णता आकाशात सोडून पुन्हा गोठतो. असे काही दिवस घडले, की हिमाचे नाजूक स्फटिक मोडून त्यांचे टपोरे गोल कण बनतात. मराठी गृहिणी चांगल्या तुपाला ज्या अर्थाने ‘रवाळ’ म्हणते, त्याच अर्थाने हा बर्फ रवाळ होतो. पहाटे हे कण एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि उतार काचेसारखा कठीण लागतो. सूर्य थोडा वर आला, की वरचे बोटभर कण सुटे होतात आणि खालचा थर मात्र कठीणच राहतो. स्की करणाराला याहून सुखाची भूमी नाही. परंतु हा सुखाचा काळ एक-दोन तासांचाच. मध्यान्हानंतर पाणी खालच्या थरांत झिरपू लागते, कणांची परस्परांवरील पकड सुटते, आणि तीस ते पंचेचाळीस अंशांचा एखादा उतार आपल्या अंगावरचा सारा भार एकदम खाली लोटून देतो. हेच हिमस्खलन.

वाटेची ही दशा उताराच्या तोंडावरही अवलंबून असते. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी सैल होतो, दक्षिणेकडचा त्यामागून, पश्चिमेकडचा दुपारी; उत्तरेचा उतार मात्र बराच काळ आपली थंडी धरून राहतो. एका रात्री आभाळ भरून आले, तर बर्फ नीट गोठत नाही आणि दुसऱ्या दिवशीचे सारे वेळापत्रक चुकते. अशा हिशेबाने चालणाराला घड्याळ, आभाळ आणि दिशा या तिन्हींचे भान एकाच वेळी ठेवावे लागते.

काश्मीरच्या रहिवाशांनी हिवाळ्याचे गणित फार पूर्वी मांडून ठेवले आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे मोठी थंडी. नंतर वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’, धाकटी थंडी. आणि शेवटी दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. मोठ्या थंडीत पडलेला बर्फ दबून टिकतो आणि उन्हाळ्यात नद्या-नाल्यांना पुरतो. उशिरा पडलेला बर्फ पाहुण्यासारखा येतो आणि जातो, हा या गणनेमागचा अनुभव. शेतकऱ्याच्या मनात मृग आणि आर्द्रा यांत जो भेद असतो, तशाच जातीचा हा भेद होय.

गुलमर्ग हे नाव सोळाव्या शतकात सुलतान यूसुफ शाह चक याने दिले असे सांगतात. त्यापूर्वी या कुरणाला गौरीमर्ग म्हणत. बादशहा जहांगीर येथे आला तो फुलांसाठी. राजे-बादशहांच्या दृष्टीने गुलमर्ग हे उन्हाळ्याचे ठिकाण होते. हिवाळ्यात तिकडे कोणी हौसेने जात नसे. ब्रिटिश अमलातही प्रथम तेथे बंगले आणि गोल्फची मैदाने झाली, तीही उन्हाळ्यापुरतीच.

हिवाळ्याची दृष्टी आली ती युरोपातून. ‘स्की’ हा शब्द जुन्या नॉर्वेजियन भाषेतला. त्याचा मूळ अर्थ चिरलेले लाकूड, फळी. उत्तरेकडच्या या फळ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्प्समध्ये आल्या आणि प्रवासाच्या साधनाचा खेळ झाला. या खेळाला आधुनिक रूप देणाऱ्यांत अर्नोल्ड लन याचे नाव प्रमुख आहे, आणि त्याचा जन्म १८८८ साली मद्रासेत झाला, ही गोष्ट भारतीय श्रोत्यांना कौतुकाची वाटेल. १९२२ साली स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथे त्याने झेंड्यांमधून वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीला आजचे स्वरूप दिले. स्कीचा खरा आनंद हिवाळ्यात नव्हे तर वसंतात आहे, आणि त्यासाठी बर्फ वाचता आला पाहिजे, हे तो आग्रहाने सांगत असे.

गुलमर्गला १९२७ साली ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ स्थापन झाला. त्याचे वर्षातून दोन मेळावे भरत: एक नाताळात आणि दुसरा ईस्टरच्या सुमारास, म्हणजे बहुधा आपल्या चैत्रात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षी क्लबच्या सभासदांची संख्या पाचशेपर्यंत गेली होती. त्या काळी वर नेणारी कोणतीही यंत्रे नव्हती. टंगमर्गपासून गुलमर्ग, आणि गुलमर्गपासून खिलनमर्गचे उंच कुरण, ही सारी चढण पायांनी चढावी लागे. दोन-तीन तास चढावे आणि काही मिनिटांत उतरावे, असा तो व्यवहार होता. परंतु त्या चढण्यातच एक शिक्षण दडलेले होते. पावलागणिक बर्फ पायाखाली कसा वागतो, कोठे करकरतो, कोठे पोकळ वाजतो, कोठे गुडघाभर खचतो, हे माणसाला उतरण्यापूर्वीच कळलेले असे. सामान वाहणारे स्थानिक लोक याच परीक्षेतून रोज जात. त्यांची नावे मात्र क्लबच्या इतिहासात कोणी मिरवली नाहीत.

१९४७ साली हा खेळ थांबला. ऑक्टोबरमध्ये टोळीवाल्यांचे आक्रमण झाले आणि त्याची झळ गुलमर्गलाही लागली. पुढे काही महिन्यांतच हिमाच्या वाटेचे ज्ञान हा हौसेचा विषय न राहता देशाच्या रक्षणाचा विषय झाला. लडाखची राजधानी लेह धोक्यात होती आणि तेथे जाणारा मार्ग ३,५०० मीटरहून उंच अशा जोझिला खिंडीतून जात होता. हिवाळ्यात ही खिंड बंद, असे सर्वजण धरून चालत. लाहौलचे रहिवासी मेजर पृथी चंद आणि कॅप्टन खुशाल चंद यांनी मात्र डोग्रा पलटणीतले आपल्याच मुलखाचे सुमारे चाळीस स्वयंसेवक घेऊन १६ फेब्रुवारी १९४८ रोजी श्रीनगर सोडले. जोझिला ओलांडून, शस्त्रे घेऊन, ते ८ मार्चला लेहला पोहोचले. ही माणसे बर्फातच वाढलेली होती. ज्या वाटेला इतरांनी बंद म्हटले होते, ती त्यांच्या पायांना ओळखीची वाटली, आणि लेह वाचले त्यात या ओळखीचा वाटा मोठा होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात जनरल थिमय्या यांच्या प्रेरणेने गुलमर्गला १९ व्या पायदळ डिव्हिजनची स्की शाळा निघाली. ती १९५० साली हिवाळी युद्धशाळा झाली, आणि १९६२ साली तिला अतिउंच प्रदेशातील युद्धशाळेचे रूप आले. ज्या उतारावर ईस्टरचे मेळावे भरत, त्याच उतारावर भारतीय जवान स्की शिकू लागले. पुढे नागरिकांचीही पाळी आली. १९६० साली भारत सरकारने रुडॉल्फ मॅट या प्रसिद्ध स्कीपटूला हिवाळी खेळांसाठी जागा सुचविण्यास बोलाविले. त्याने गुलमर्गची निवड केली. १९६८ साली तेथे स्कीइंग आणि गिर्यारोहण यांची संस्था उभी राहिली. १९९८ साली कोंगडोरीपर्यंत आणि २००५ साली अफरवटच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ ४,००० मीटरांपर्यंत, तारेवरचे पाळणे जाऊ लागले. गुलमर्गच्या याच उतारावर वाढलेला आरिफ खान २०२२ साली हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरला.

पाळण्यांनी चढण वाचविली. तिच्याबरोबर चढणीचे शिक्षणही वाचले, म्हणजे गळून गेले. पूर्वी जो माणूस दोन-तीन तास बर्फाची परीक्षा घेत वर जाई, तो आता काही मिनिटांत माथ्यावर उभा राहतो आणि त्याच्या पायांना खालच्या थरांची वार्ता नसते. बर्फ मात्र पूर्वीइतकाच कठोर परीक्षक आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला प्रशिक्षण घेणाऱ्या जवानांच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळले आणि १७ जवान गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलंडचे दोघे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक, असे परदेशी स्कीपटू याच डोंगरावर मरण पावले. मरण आले ते बर्फाला नवख्या असलेल्यांनाच, असे नव्हे. त्यावरून एवढेच शिकायचे, की एका डोंगराच्या बर्फाचे ज्ञान दुसऱ्या डोंगरावर जसेच्या तसे चालत नाही, आणि कालच्या वाटेचे ज्ञान आज पुरत नाही. या कारणानेच हिमाचा अभ्यास करणारी संस्था भारताने १९६९ साली मनालीला स्थापन केली. २०२० साली ती एका मोठ्या संरक्षण-संशोधन संस्थेत विलीन झाली, तरी हिमस्खलनाचे इशारे देण्याचे तिचे काम पुढे चालू राहिले.

आता या इतिहासात एक नवे पान उघडले आहे. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्लई कलानमध्ये, गुलमर्गची कुरणे तपकिरी दिसत होती. बर्फ पडला तो मोठी थंडी सरत आल्यावर, आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा पार पडल्या. पुढल्या वर्षी, २०२५ साली, बर्फाअभावी त्याच स्पर्धा फेब्रुवारीतून पुढे ढकलाव्या लागल्या आणि ९ ते १२ मार्च या दिवसांत झाल्या. क्रीडास्पर्धा सुमारे पंधरवडाभर पुढे गेली, यात वरकरणी फार मोठे नुकसान दिसत नाही. परंतु मोठ्या थंडीचा मुरलेला बर्फ आणि मार्चचा पाहुणा बर्फ यांतला भेद ध्यानात घेतला, की या बातमीचा अर्थ कळतो. पाया नसलेल्या थरावर उशिरा पडलेला बर्फ अधिक बेभरवशाचा असतो. तो लवकर वितळतो, आणि मग उन्हाळ्यात झेलमला मिळणाऱ्या ओढ्यांचे व भातखाचरांचे पाणी आटते. घसरगाडी ओढून हिवाळ्याचे चार पैसे मिळविणारा माणूस रिकामा बसतो तो वेगळाच.

अशा वेळी लोखंडाची वाट काश्मीरला पोहोचली आहे. पीरपंजालच्या पोटातून ११ किलोमीटर लांबीचा बोगदा २०१३ साली खुला झाला. चिनाबवर नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवर पूल उभा राहिला. आणि ६ जून २०२५ रोजी काश्मीर खोरे देशाच्या लोहमार्गांशी सलग जोडले गेले. जोझिलाच्या बर्फातून चाळीस माणसांना लेह गाठण्यास तीन आठवडे लागले होते; आज जम्मूच्या बाजूने कटऱ्याहून श्रीनगरला आगगाडीने सुमारे तीन तासांत जाता येते. नागपूर, दुर्ग, भिलाई अशा गावांतली मंडळी यापुढे मुलाबाळांना बर्फ दाखवायला अधिक संख्येने जातील, आणि जावेही.

तेथे गेल्यावर त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की रूळ गाडीला जेथे सोडतो, तेथून पुढची वाट निराळ्या जातीची आहे. तिच्यावर वेळापत्रक चालते ते सूर्याचे. तेथला माणूस दुपारी ‘आता वर जाऊ नका’ असे म्हणाला, तर पैसे भरलेले आहेत किंवा आभाळ स्वच्छ आहे, या सबबीवर त्याचे म्हणणे मोडू नये. त्या एका वाक्यात सामान वाहणाऱ्यांच्या पिढ्यांचा अनुभव आहे, लाहौलच्या चाळीस जणांचे शहाणपण आहे, आणि खिलनमर्गच्या बर्फाखाली गेलेल्या जवानांची आठवणही आहे. रूळ माणसाने लाटला आणि अंथरला; हिमाची वाट मात्र रोज पहाटे नव्याने गोठते, आणि ती गोठली की नाही हे रोज पहाटेच पाहावे लागते.